दंडावरची पट्टी

बाबांनी घड्याळवाल्या काकांच्या गालांना नीट फेस लावला, वस्तरा हातात घेतला आणि मग विचारलं, "काय, लस घेतली का?"

ही त्यांची रीत होती. फेस ओठांपर्यंत आला की समोरच्याला बोलता येत नाही, आणि गळ्याशी वस्तरा असताना उठून जाता येत नाही. मी रजेवर घरी आले होते. त्यांचा डबा घेऊन दुकानात गेले आणि बाकावर जुनं मासिक चाळत बसले.

"उं," काका म्हणाले.

"उं म्हणजे हो समजू का? गाल फुगवा. साथ काय दार वाजवून आत येते? काकूंनाही घेऊन जा. त्यांना दमा आहे. त्या आहेत म्हणून तुमचं घड्याळ चालतंय."

बाबांनी डावी बाही वर सारली. दंडावर गोल चिकटपट्टी होती, अगदी कोरी. "हे बघा. मुंगी चावल्यासारखं झालं, संपलं."

तोंड पुसून झाल्यावर काकांना वाचा फुटली. "उस्ताद, ही पट्टी तुमची अजून निघाली नाही होय?"

"जाहिरात आहे ती. दुकानाची पाटी काढतात का कुणी?"

काका हसले. "बरं बाबा, जाऊ. पण हात सुजला तर महिनाभर दाढी फुकट."

"अर्धी करीन. उरलेली काकूंना दाखवा."

संध्याकाळी शटर ओढताना बाबा खोकले. मी पाहिलं तर म्हणाले, "केस गेला घशात. आयुष्य गेलं, अजून हे केस काही पाठ सोडत नाहीत." आम्ही चालत घरी आलो. वाटेत त्यांनी भाजी घेतली आणि भाजीवालीलाही लसीचं विचारलं.

दवाखान्यातल्या नर्सबाईंनी त्यांना या कामाला लावलं होतं. बाईंच्या सभांना बायका यायच्या, पुरुष फिरकायचे नाहीत. एका दुपारी त्या दुकानात येऊन बाबांना म्हणाल्या, "माझ्यासमोर ही माणसं मिनिटभर थांबत नाहीत. तुमच्यासमोर मान खाली घालून बसतात." मग गिऱ्हाईक नसेल तेव्हा येऊन त्यांनी बाबांना शिकवलं. कुणी घाबरलं तर हसायचं नाही. आधी त्याने काय ऐकलंय ते विचारायचं, मग आपलं सांगायचं. माहीत नसेल ते माहीत नाही म्हणायचं. फेसाची युक्ती मात्र बाबांची स्वतःची. गल्लीतले निम्मे पुरुष त्या खुर्चीवरून उठून थेट दवाखान्यात गेले होते.

त्या खोकल्याच्या दुसऱ्या दिवशी बाबांना ताप आला. आठवड्याच्या आतच त्यांना रुग्णालयात न्यावं लागलं. डॉक्टरांनी विचारलं, "लस?" मी चटकन म्हटलं, "हो, घेतलीय." नाकातोंडावर मास्क असलेल्या बाबांनी माझा हात धरला आणि मान हलवली. नाही. मला वाटलं, तापात आहेत. त्यांनी पुन्हा हलवली. मग डोळे मिटून घेतले, आणि मिटल्या पापण्यांखालून पाणी आलं. मी त्यांचा हात सोडला नाही.

ते गेल्यावर आईने सांगितलं. "रांगेपर्यंत जायचे, गं. आपला नंबर जवळ आला की पांढरेफटक पडायचे नि परत यायचे. लहानपणी सुई टोचताना भोवळ येऊन पडले होते म्हणे. उभा जन्म लोकांच्या गळ्यावर वस्तरा फिरवला, आणि सुईचं एवढं भय. उद्या जातो म्हणायचे. रोज उद्या." आई पदराशी चाळा करत राहिली. "पट्टी दुकानातलीच. कुणाला वस्तरा लागला तर लावायला ठेवलेली. सकाळी अंघोळ झाली की नवी लावायचे."

भेटायला लोक आले. प्रत्येकाने तेच वाक्य आणलं होतं: "लस घेऊनही गेले हो." आई जमिनीकडे बघायची, मी चहाचे कप उचलायचे. त्या वाक्याला पाय फुटले. कोपऱ्यापर्यंत जाईतो ते "लस घेतली म्हणून गेले" असं झालं.

नर्सबाई आल्या तेव्हा घरात आम्ही दोघीच होतो. त्यांनी चपला काढल्या, पण बसल्या नाहीत. "आता कुणी येत नाही माझ्याकडे," त्या म्हणाल्या. "घड्याळवाले बायकोला घेऊन निघाले होते, अर्ध्या वाटेतून परत फिरले. उस्ताद माझ्या टेबलापर्यंत कधी पोचले नाहीत, हे मला माहीत आहे. पण ती त्यांची गोष्ट. माझ्या तोंडून जाणार नाही."

"मग आमच्या तोंडून जावी म्हणता?" आईचा आवाज चढला नाही. "लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. हेच म्हणतील ना सगळे? गेलेल्या माणसाला उलटून बोलताही येत नाही."

नर्सबाई खाली बघून म्हणाल्या, "रविवारी दुकानात सभा ठेवलीय. त्यांच्या दुकानात म्हटलं तर लोक येतील."

त्या गेल्यावर मी आईजवळ बसले. पुस्तकांत मी अशी पुष्कळ माणसं पाहिली आहेत, एका गोष्टीत भेकड आणि बाकी सगळ्यात शूर. पुस्तकात त्यांना माफ करणं सोपं जातं. आईला मी एवढंच विचारलं, "बाबांना काय जास्त लागलं असतं? लोक त्यांना हसले तर, की लस न घेता काकू गेल्या तर?"

आई उठून आत गेली.

रविवारी मी शटर उघडलं. तुरटीचा खडा बशीत तसाच होता, पांढरा कपडा खुर्चीच्या पाठीवर. लोक आले, बाकावर मावेनात म्हणून पायरीवर बसले. बाबांच्या खुर्चीवर कुणीच बसेना. नर्सबाई बोलू लागल्या. घड्याळवाल्या काकांनी त्यांना मध्येच थांबवलं. दाढी वाढली होती त्यांची.

"बाई, तुमचं सगळं बरोबर असेल. पण आमचा उस्ताद गेला. टोचून घेऊन गेला. आता माझ्या बायकोला कुठल्या तोंडाने नेऊ?"

काकू त्यांच्या मागेच उभ्या होत्या. त्यांचा श्वास मला ऐकू येत होता.

नर्सबाईंनी माझ्याकडे पाहिलं नाही. आईने पाहिलं. ती दाराशी होती, केव्हा आली मला कळलंच नव्हतं. तिने आत येऊन खुर्चीवरचा पांढरा कपडा उचलला, घडी घातली आणि छातीशी धरून उभी राहिली.

मी खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला.

"काका," मी म्हटलं, "बाबांनी लस घेतली नव्हती. ते सुईला घाबरायचे. ती पट्टी खोटी होती. त्यांनी तुम्हाला सांगितलं ते मात्र सगळं खरं होतं."