नानांना ऐकू आलेला सायलेन्सर

मित्रांनो, नाशिकच्या रस्त्यावर तुमच्यापुढे एखादी लाल, बुटकी, चपळ गाडी उभी दिसली, तर तिच्या मागच्या बंपरखाली जरा वाकून बघा. तेथे पोलादाचे एक गोल तोंड दिसेल. आत काजळी, कडेला उष्णतेने आलेली निळसर झाक. तो मी. वयाने आता जुना झालो आहे, पोटावर ओरखडे आहेत, पण तब्येत ठणठणीत आहे. लोक मला सायलेन्सर म्हणतात.

माझा जन्म अंबडच्या औद्योगिक वसाहतीत सुनीलशेठांच्या वर्कशॉपमध्ये झाला. सुनीलशेठ म्हणजे अंगाने भरलेले, सदा बडीशेप चघळणारे आणि वेल्डिंगच्या ठिणग्यांनी हातावर ठिपके पडलेले गृहस्थ. त्यांनी स्टेनलेस स्टीलचा पत्रा वाकवून माझे पोट तयार केले. आत बारीक भोकांची नळी घातली आणि नळीभोवती काचेची लोकर ठासून भरली. इंजिनाचा धूर त्या नळीतून जातो तेव्हा आवाजातला कर्कशपणा लोकर गिळून टाकते. उरतो तो खालच्या पट्टीतला, घुमणारा सूर. माझे शेवटचे वेल्डिंग झाल्यावर शेठांनी मला बोटाने टकटक वाजवले आणि ते म्हणाले, "झकास!"

मित्रांनो, ती माझी पहिली शाबासकी. पुढे बराच काळ दुसरी मिळाली नाही.

त्याचे असे झाले, की शेठांनी मला दुकानाच्या भिंतीवर टांगले आणि मी तेथेच राहिलो. गिऱ्हाईक येई ते बहुतेक तरुण पोरांचे. "शेठ, गल्ली हादरली पाहिजे!" एवढीच त्यांची मागणी. माझ्या शेजारी एक पोकळ नळकांडे होते, पोटात लोकर नाही की काही नाही. रोहित नावाच्या एका मुलाने मोठ्या हौसेने ते गाडीला बसवून नेले. शेठ त्याला म्हणाले होते, "अरे, पोलीस धरतील." तो हसला. पोलिसांच्या आधी त्याला घरच्यांनीच धरले. काही दिवसांनी तो तोंड पाडून परत आला आणि म्हणाला, "शेठ, आधीचाच बसवा. आईने सांगितलंय, हा आवाज बंद होईपर्यंत डबा मिळणार नाही." सगळे वर्कशॉप हसले. मीही हसलो असतो, पण अंगावर धूळ साचली होती आणि मनात हुरहूर होती. आपला सूर कोणाला आवडणारच नाही की काय, असे वाटे.

मग एके दिवशी ती लाल गाडी आली. दिसायला लहानशी, पण अंगात भलताच जोर. आतून एक मुलगी उतरली. तिचे नाव सृष्टी. नाशिक रोडला एका दवाखान्यात ती लोकांचे कान तपासायचे काम करते.

"मॅडम, आवाज किती मोठा पाहिजे?" शेठांनी नेहमीचा प्रश्न विचारला.

"मोठा नको. खोल पाहिजे," ती म्हणाली. "आणि कायद्यात बसणारा. मोजायचं यंत्र मी आणलंय."

शेठ बडीशेप चघळायचे थांबले. मग तिने त्यांना सगळे सांगितले.

तिचे वडील भारत, पण घरीदारी सगळे त्यांना नाना म्हणत. पिंपळगाव बसवंतच्या पॅकहाऊसमधून वाशीच्या बाजाराला द्राक्षे पोचवण्यात त्यांची उमर गेली. टेम्पोचे इंजिन केबिनमध्येच, मांडीला लागून. त्याच्या आवाजावरून ते गिअर टाकायचे, काट्याकडे बघायची गरजच पडत नसे. कसाऱ्याच्या घाटात नुसत्या आवाजावरून ते सांगायचे, की पुढच्या ट्रकच्या पंख्याचा पट्टा आता तुटणार. पण त्याच इंजिनाने हळूहळू त्यांचे कान खाल्ले. सृष्टीने ही गाडी घेतली आणि पहिली चावी त्यांच्या हातात दिली. गाडी आतून इतकी शांत, की चालू आहे की बंद हेच त्यांना कळेना. उड्डाणपुलाच्या चढावर ती बंद पडली आणि ते ॲक्सिलरेटर दाबत बसले. मागे हॉर्नचा कल्लोळ झाला, तोही त्यांच्यापर्यंत पोचला नाही. शेवटी एकाने येऊन काच ठोठावली. त्या दिवशी घरी आल्यावर त्यांनी चावी देव्हाऱ्यापाशी ठेवली आणि पुन्हा हातात घेतली नाही.

"मग कान तपासा की, ताई. तुमचंच तर काम आहे," शेठ म्हणाले.

"दोनदा विषय काढला. एकदा ताटावरून उठले. दुसऱ्यांदा माझ्याशी आठवडाभर बोलले नाहीत. 'मी बहिरा नाय' एवढंच म्हणतात." सृष्टी म्हणाली. "गाडी सुटल्यापासून ते घराबाहेरसुद्धा पडत नाहीत. निदान गाडी तरी त्यांना परत द्यावी म्हणते. आणि खरं सांगू का, चांगला आवाज मलाही हवाच आहे. गाडी एवढी जोरदार आणि आवाज मिक्सरसारखा!"

पुढच्या रविवारी ती नानांना घेऊन आली. "मला सायलेन्सर निवडायचाय, तुम्ही चला," असे सांगून तिने त्यांना आणले होते. नाना उंच, पांढऱ्या सदऱ्यातले, पाठीत किंचित वाकलेले. शेठ काही बोलले की ते मान डोलवायचे. शेठांनी "चहा घेणार की कॉफी?" असे विचारले, तेव्हाही त्यांनी नुसती मान डोलवली.

सृष्टीने त्यांना चालकाच्या सीटवर बसवले, काचा वर केल्या आणि त्यांच्या हातावर हात ठेवून, तोंडासमोर तोंड आणून सांगितले, "नाना, डोळे मिटा. इंजिन चढलं की हात वर, उतरलं की खाली. मला ठरवायला मदत करा."

मग ती आवाज मोजायचे यंत्र घेऊन गाडीबाहेर उभी राहिली. शेठांनी बॉनेट उघडून तारेने इंजिनाचा वेग वर-खाली केला. पहिल्यांदा गाडीचा मूळचा सायलेन्सर होता. इंजिन चढले, उतरले, नानांचा हात मांडीवरून हललाच नाही. मग रोहितने परत केलेले नळकांडे क्लॅम्पने तात्पुरते अडकवले. सगळ्या गाडीत नुसता गडगडाट भरला. नाना कपाळाला आठ्या घालून म्हणाले, "ह्यात काय कळतंय? नुसतं डोकं दुखतंय!" सृष्टीच्या हातातल्या यंत्रानेही वाईट बातमी दिली.

"अजून एक आहे," शेठ म्हणाले. त्यांनी स्टूल घेतले, मला भिंतीवरून उतरवले आणि फडक्याने पुसले. मित्रांनो, माझ्या पोटातून धूर पहिल्यांदा वाहिला तो क्षण मी विसरणार नाही. मी माझा सूर धरला. तो फरशीतून, सीटमधून वर चढत गेला.

नानांचा हात उठला. इंजिन उतरले, हात उतरला. शेठांनी वेग हळूच वाढवला तसा हातही हळूच चढला. एकदा तर शेठांनी मुद्दाम वेग मध्येच अडवून धरला, आणि नाना डोळे मिटूनच म्हणाले, "आता टाक की वरचा गिअर! कशाला इंजिनाचा जीव घेतोस?"

काचेपलीकडे सृष्टीने तोंड फिरवून डोळे पुसले. मग यंत्रावरचा आकडा पाहिला आणि शेठांना अंगठा दाखवला.

मला बसवताना मजा झाली. गाडी रॅम्पवर चढवली. पुढच्या जोडाचे बोल्ट उष्णतेने घट्ट धरलेले. तेल मारून, गरम करून ते निघाले. मला ज्या रबरांवर टांगायचे त्यांना साबणाचे पाणी लावले. सगळे जुळले, पण बोल्ट आवळेपर्यंत मला वर धरायला कोणी तरी हवे होते. नानांनी सदऱ्याच्या बाह्या दुमडल्या, खाली आले आणि मला दोन्ही तळहातांवर तोलून धरले. "सावकाश घ्या, शेठ. हात दुखत नाय माझे," ते म्हणाले.

तेथून गाडी त्यांनीच चालवली.

मग माझे सुखाचे दिवस सुरू झाले. नाना रोज सकाळी इंदिरानगरहून भाजी आणायच्या निमित्ताने लांबचा फेरा मारत. सृष्टी सुटीच्या दिवशी स्वतः चालवी आणि मोकळा रस्ता मिळाला की मला जरा मोकळे गाऊ देई. शेजारच्या इमारतीतल्या एका आजोबांनी मात्र पहिल्याच आठवड्यात तक्रार केली. सृष्टीने त्यांना यंत्रावरचा आकडा दाखवला. तेव्हापासून सकाळी पार्किंगमधून निघताना ती मला कुजबुजायलाच लावते.

पण मी नानांचे कान बरे केले, असे मात्र समजू नका. सायलेन्सरने ते होत नाही. घरात ते तसेच गप्प बसत. उज्वलाताई, म्हणजे सृष्टीची आई, एक विचारायच्या आणि ते भलतेच उत्तर द्यायचे. हे मला कळे, कारण घरातली निम्मी भांडणे गाडीत होतात.

द्राक्षांच्या हंगामात आम्ही सगळे पिंपळगावला नानांच्या भावाकडे निघालो होतो. महामार्ग सोडून गावाच्या रस्त्याला लागलो आणि न रंगवलेल्या एका गतिरोधकावर माझे पोट खण्णकन आपटले. पुढच्या जोडातले गॅस्केट, म्हणजे धूर बाहेर फुटू न देणारी चकती, फाटले आणि तेथून बारीक, तीक्ष्ण शिट्टी सुरू झाली.

"अगं बाई, गाडीखाली कुकर लावलाय की काय?" उज्वलाताई मागच्या सीटवरून म्हणाल्या.

"नाना, थांबा जरा. शिट्टी येतेय," सृष्टी म्हणाली.

नानांनी गाडी कडेला घेतली. "कसली शिट्टी? काय नाय. गाडी मस्त चाललीय."

ते खाली उतरून वाकले. कान दिला. तेवढ्यात डोक्यावर पाटी घेऊन चाललेली विठाबाई नावाची ओळखीची बाई रस्त्यापलीकडून ओरडली, "ओ भारतभाऊ, गाडी लय शिट्ट्या मारती तुमची!"

तिचे शब्द त्यांना नीट कळले नाहीत, पण गाडीकडे दाखवणारा तिचा हात दिसला. त्यांनी सृष्टीकडे पाहिले. सृष्टीने मान खाली घातली. रस्त्यापलीकडच्या बाईला जे ऐकू येते, ते हातभर अंतरावरून आपल्याला ऐकू येत नाही, हे नानांना त्या क्षणी उमगले. त्यांनी चावी सृष्टीकडे दिली आणि शेजारच्या सीटवर जाऊन बसले. मित्रांनो, परतीच्या वाटेवर मला स्वतःची शिट्टी नकोशी झाली.

घरी पोचल्यावर उज्वलाताई वर गेल्या. नाना पार्किंगमध्येच थांबले. "चालू कर," ते सृष्टीला म्हणाले. ते गुडघे टेकून बसले, कान अगदी माझ्या जोडापाशी आणला. खालचा सूर त्यांना कळत होता. वरची शिट्टी नाही. त्यांनी तळहात पुढे केला तेव्हा गरम धुराची धार तेवढी लागली.

"बंद कर," ते म्हणाले. मग जमिनीवरच बसून राहिले. "सृष्टी, तू एवढ्या लोकांचे कान तपासतेस. माझे तपासशील का?"

सृष्टी त्यांच्याशेजारी फरशीवर बसली. तिने घाई केली नाही. "उद्याच जाऊ या, नाना."

"अन् ऐक. ही शिट्टी दुरुस्त करू नको."

"का?"

"मला ऐकायचीय ती. मग कर."

त्यामुळे मी आच्छादनाखाली उभ्या गाडीला लटकत राहिलो. गॅस्केट फाटलेले, पण मनाला शांती होती. सुनीलशेठांचा फोन आला, तर सृष्टी म्हणाली, "थांबा, अजून शिट्टीचं काम बाकी आहे." शेठांना काही कळले नाही. एक मांजर माझ्या सावलीत झोपू लागले.

शेवटी एका सकाळी आच्छादन निघाले. नाना आले. दोन्ही कानांमागे लहानशी यंत्रे. ते बावरल्यासारखे चालत होते, स्वतःच्या चपलांकडे बघत. मागून उज्वलाताई आल्या आणि सवयीप्रमाणे पुटपुटल्या, "एका शिट्टीसाठी सगळं घर खोळंबलंय. आहेच मुळी हट्टी."

"ऐकलं मी," नाना म्हणाले.

उज्वलाताई जागच्या जागी थबकल्या. मग त्यांनी पदर तोंडाला लावला. "आता माझी पंचाईत झाली," त्या म्हणाल्या, आणि हसता हसता त्यांना रडू आले.

सृष्टीने गाडी सुरू केली. मी माझा सूर धरला आणि जोडातून ती तीक्ष्ण धार सुटली. नानांचे डोळे मोठे झाले. ते वाकले, मागे झाले, पुन्हा वाकले.

"ही? ही होय ती?" ते ओरडले. "केवढी घाण शिट्टी आहे ही! अन् एवढ्या शिट्टीत तुम्ही माझ्यासोबत बसलात? बंद करा, बंद करा ती आधी!"

त्याच दुपारी सुनीलशेठांनी नवे गॅस्केट घातले. नानांनी दोनदा गाडी सुरू करवून खात्री केली.

मित्रांनो, अशी माझी कहाणी. आता माझी विनंती ऐका. गतिरोधक दिसला की गाडी हळू घ्या, कारण त्यावर आपटणारे पोट माझे असते. वर्षातून एकदा तरी गाडी उचलून आमची रबरे आणि जोड बघा. गंजू देऊ नका. आमच्या पोटातली लोकर काढून आम्हाला ओरडायला लावू नका. त्या ओरडण्याने कोणाचे तान्हे मूल दचकते, कोणाचा आजारी माणूस कण्हतो. आणि तुमच्या स्वतःच्या कानांचीही काळजी घ्या. मला नवे गॅस्केट मिळाले, कानाला तसे मिळत नाही. मात्र घरात कोणाला कमी ऐकू येत असेल, तर त्याला हसू नका. त्याच्याजवळ बसा आणि त्याला वेळ द्या.

आज रविवार आहे. नाना जिन्यावरून खाली येत आहेत आणि येता येता उज्वलाताईंशी कसल्याशा गोष्टीवरून वाद घालत आहेत. दोघेही एकमेकांचा शब्द न् शब्द ऐकत आहेत. वाद आज बराच वेळ चालेल असे दिसते. मला घाई नाही.