बदली येईपर्यंत

नौदलातून निवृत्त झाल्यापासून कप्तान शाळेसमोरच्या चौकात फुकट पहारा देत, मुलांना रस्ता ओलांडून देत. बदलीचा माणूस आल्याशिवाय जागा सोडायची नाही, हा जहाजावरचा नियम त्यांनी इथेही पाळला. त्या दुपारी बायकोचा फोन आला, "अहो, छातीत दुखतंय, लवकर या." बदलीचे मास्तर चाळीस मिनिटांनी उगवले. कप्तान घरी पोहोचले तेव्हा ती गेली होती.

महिन्याने त्यांनी पुन्हा शिट्टी गळ्यात अडकवली, तशी लेक दारात आडवी आली.

"बाबा, शाळा सुटायला तेव्हा तास होता. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं."

"पहारा तो पहारा."

"आणि आईपाशी पहाऱ्याला कोण होतं?"

कप्तानांनी घड्याळ पाहिलं. "सरक बाळ, मुलं खोळंबतील."

ती बाजूला झाली. "जा. तिथे तरी वेळेवर पोहोचा."