मालधक्का संघाचा शेवटचा तुकडा

सोमवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी गुढियारीतल्या शामराव गजभियेंच्या घरातला संगणक आपोआप बंद पडला. वीज होती, छतावरचा पंखा फिरत होता. शामरावांनी बटण दाबलं. संगणक सुरू झाला आणि थोड्याच वेळात पुन्हा बंद पडला.

एरवी त्यांनी तो थंड होऊ दिला असता. पण त्यावर चालणारा गणिताचा प्रकल्प संध्याकाळी साडेपाचला बंद होणार होता आणि त्यानंतर आलेली उत्तरं कुणी घेणार नव्हतं. बंगळुरूला नोकरीत असलेल्या राकेशला, म्हणजे मुलाला, त्यांनी कामाच्या वेळेत फोन लावला. असं ते कधी करत नसत.

हा संगणक राकेशने इंजिनिअरिंगला असताना जुळवला होता. चार कोरचा प्रोसेसर तेव्हा पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, दुसऱ्या कुणाकडे नव्हता. परदेशातल्या एका विद्यापीठाने या प्रकल्पात, प्रथिनं कशी दुमडतात याचं मोठं गणित लहान लहान तुकड्यांत कापून जगभरच्या घरगुती संगणकांना वाटलं होतं. पैसे मिळत नसत, गुण मिळत. गुढियारीच्या पोरांनी संघ काढला आणि समोरच्या मालधक्क्याचंच नाव त्याला दिलं. स्पर्धा चौबे कॉलनीच्या संघाशी. तिथल्या अनिमेषकडे एसी होता, म्हणून हरलो तर दोष एसीचा.

शामराव तेव्हा मालगाडी चालवत. ड्युटीवरून आले की हातपाय धुण्याआधी विचारत, "कॉलनीवाले किती पुढं?" थंडीत संगणकामागून ऊन हवा यायची. त्यांची बायको अंजनाबाई विरजणाचं भांडं तिथे ठेवत. चार-पाच पोरं जमिनीवर बसून आकडे पाहत आणि त्या दह्यातलं निम्मं खाऊन जात.

मग पोरं नोकऱ्यांना लागली. चौबे कॉलनीचा संघ कधी संपला ते कळलंही नाही. निवृत्तीनंतर शामराव एकटेच संगणक चालवत राहिले. राकेश दर रविवारी फोन करी. तब्येत आणि जेवण दोन वाक्यांत आटपे; मग प्रोसेसर किती तापतो, तुकडे किती गेले, यावर अर्धा तास निघे.

"पापा, डब्बा खोलके दिखाओ," राकेश व्हिडिओवर म्हणाला.

"खुलाच हाय. एप्रिलपासून झाकण काढून ठेवलं. हवा लागली पाहिजे न."

"और कूलर किधर है?"

"संगणकासमोर."

"और आप लोग?"

"आमी पंख्याखाली."

राकेश हसला नाही, पण त्याने तोंड फिरवलं. अंजनाबाई मागून म्हणाल्या, "मी म्हणतच होती, कूलरचं तोंड माह्याकडं करा. मले घाम येते, डब्ब्याले थोडीच येते."

शामरावांनी प्रोसेसरवरचा छोटा पंखा काढला. खाली ॲल्युमिनियमच्या पट्ट्या असतात. उष्णता त्यांतून बाहेर जाते. पट्ट्यांमधल्या फटी राखाडी, टणक थराने बंद झाल्या होत्या. नखाने तो निघेना. मालधक्क्यावर सिमेंटच्या गोण्या उतरतात, त्याची धूळ वर्षभर घरात येते. ती फुंकली की उडते. या वर्षी तिला कूलरची ओली हवा मिळाली होती.

"पापा, सिमेंट जम गया है," राकेश म्हणाला. "आपने प्लास्टर कर दिया."

अंजनाबाईंनी क्रोशाची सुई आणली आणि स्वतःच बसल्या. खपल्या निघत होत्या, सगळ्या नाही. एक वाजता पंखा परत बसवला. संगणक सुरू झाला. प्रत्येक कोरवर एक असे चार तुकडे होते. तापमान पुन्हा चढू लागलं.

"तीन बंद करो. एकच चालवा," राकेश आता मराठीत आला. "चारही लावले की तो तापते, मंग सोताच स्पीड कमी करते. कमी लावले तर काम जास्त निघते. तीन वर्षांपासून सांगून राहिलो तुमाले."

"चार कोर हायेत. तिघांले काहून बसवून ठेवू? फुकट खातेत का ते?"

"आज चारही अर्धे राहतील, पापा."

शामराव पडद्याकडे पाहत राहिले. एक तुकडा जवळजवळ पूर्ण होता, एक अर्ध्यावर, उरलेले दोन त्याच्याही मागे. त्यांनी मागच्या दोघांना थांबवलं. मग हात काढून घेतला.

"अर्ध्यावरच्याले राहू दे काय?"

"नाही."

त्यांनी तोही थांबवला. तापमान उतरलं. कूलरचं तोंड अंजनाबाईंनी आपल्या खाटेकडे वळवलं. राकेशने फोन ठेवला नाही, टेबलावर उभा करून काम करत राहिला. मधेच विचारी, "कितना हुआ?" शामराव आकडा सांगत. मधेच चौबे कॉलनीचा विषय निघाला. अनिमेष कुठे असतो, हे दोघांनाही माहीत नव्हतं.

पाच वाजून बारा मिनिटांनी तुकडा पूर्ण होऊन विद्यापीठाकडे गेला. प्रकल्पाच्या वेब पानावर त्याच्यापुढे लिहून आलं: पडताळणी बाकी.

"म्हणजे?" अंजनाबाईंनी विचारलं.

राकेशने सांगितलं, की तोच तुकडा जगात आणखी एका घरी गेलेला असतो. दोन्ही उत्तरं जुळली तरच मोजतात. त्या घराचं उत्तर साडेपाचच्या आधी पोचलं होतं का, हे इथून दिसत नाही.

"त्यायच्याकडं बी गरमी असन," शामराव म्हणाले.

पुढचा रविवार आला. राकेशचा फोन नेहमीच्या वेळी आला. शामरावांनी पान उघडून पाहिलं. प्रकल्पाने नवं काम देणं थांबवलं आहे, यादी अजून दिसते. मालधक्का संघाच्या शेवटच्या तुकड्यापुढे पडताळणी बाकी असंच लिहिलेलं आहे.