छापील कार्यक्रम

दर शनिवारी दुपारी स्प्लित बंदराच्या धक्क्यावर नवे पाहुणे आठवड्याच्या सहलीसाठी ‘मारेता’ बोटीवर चढले, की नेवेंका हातातली ताटली चमच्याने वाजवायची आणि बोलायला लागायची. चपला-बूट इथे टोपलीत काढा. डेक लाकडाचा आहे, टाचांनी त्याची चाळण होते. कडक कवचाची बॅग आणली असेल तर तिचं तुमचं तुम्ही बघा, कारण पलंगाखाली फक्त कापडी पिशवी शिरते, आणि बॅगेला कुशीत घेऊन झोपायची वेळ याआधी पुष्कळांवर आलेली आहे. संडासात कागद टाकायचा नाही. टाकलात तर तो काढणारा माणूस आत्ताच बघून घ्या, असं म्हणून ती विंको खलाशाकडे बोट करायची आणि विंको कमरेत वाकून सगळ्यांना नमस्कार करायचा. पोटात ढवळत असेल तर गोळी बोट हलायच्या आधी घ्या, हलल्यावर नाही. संध्याकाळी बंदरात जागा पुरत नाही, म्हणून बोटी एकमेकींना खेटून बांधतात, चार चार, पाच पाच. किनाऱ्यावर जायला दुसऱ्यांच्या डेकवरून चालत जावं लागतं. जाताना तिथल्या माणसांना नमस्कार म्हणा आणि त्यांच्या ताटात डोकावू नका.

पाहुणे हसायचे. मग ती शेवटचं सांगायची, आणि ते सांगताना स्वतः हसायची नाही. “कार्यक्रम छापलेला आहे, पण समुद्राला वाचता येत नाही. वारा फिरला की कार्यक्रम फिरतो. कुणी रुसायचं नाही.”

नेमक्या याच वाक्याला वर सुकाणूपाशी उभा असलेला तिचा बाप, कप्तान शिमे, घसा खाकरायचा. कारण त्याच्या बोटीवर कार्यक्रम फिरत नसे. राजधानीतल्या सहलींच्या एजन्सीतली पोरं, ज्यांनी समुद्र पाहिला असलाच तर सुट्टीत पाहिलेला, तिथे बसून उंटावरून शेळ्या हाकायची, आणि शिमे त्यांचा तो कागद पोथीसारखा पाळायचा. आधी तो असा नव्हता. आधी ढगाचा रंग बघून तो बोटीचं तोंड फिरवायचा आणि वर पाहुण्यांनाच सांगायचा की आजची खाडी कालच्या गुहेहून सुंदर आहे. दोन वर्षांपूर्वीच्या जुलैपासून हे सगळं बंद झालं.

त्या जुलैत एका बुधवारी सकाळी बोट लास्तोवो बेटाला असताना शिमेच्या भावाचा, फ्रानेचा, गावाहून फोन आला होता. नोना झोपेत गेली होती. नोना म्हणजे या दोघांची आई आणि नेवेंकाची आजी. आईबाप उन्हाळाभर समुद्रावर, तेव्हा नेवेंकाला नोनानेच वाढवलेलं. “उद्या संध्याकाळपर्यंत दफन थांबवून धरतो, निघ,” असं फ्राने म्हणाला. शिमेने भिंतीवरचा कागद पाहिला आणि म्हणाला, “शनिवारी पोचतो.” नेवेंका म्हणाली, मी फेरीबोटीने जाते. “मग टेबलं कोण लावणार?” बापाने विचारलं. तिने टेबलं लावली. दुसऱ्या दिवशी गावात चर्चची घंटा वाजत होती त्या वेळी ती कलिंगड कापत होती, आणि एका बाईंना बिया काढून हवं होतं.

फ्राने शनिवारपर्यंत थांबला नाही. भर जुलैत कोण थांबणार? तेव्हापासून दोघा भावांचं बोलणं बंद. शिमे म्हणायचा, “दोन दिवस कळ काढवली नाही त्याला.” फ्राने म्हणायचा, “एक दिवस काढता आला नाही त्याला.” नेवेंकाचा राग दोघांवरही होता, पण एकाच्याच बोटीवर ती रोज राबत होती, म्हणून सगळा राग तिथे साठला होता.

या खेपेला सोमवारी सकाळीच हवा जड झाली. पाण्याला शिशाचा रंग आला, डेकची लाकडं चिकट लागायला लागली. युगो सुटणार होता. युगो म्हणजे दक्षिणेचा दमट वारा, लाट चढवत नेणारा, आणि माणसाचं डोकंही. त्या किनाऱ्यावर म्हणतात, युगोत लग्न ठरवू नये आणि शेजाऱ्याशी बोलू नये. रेडिओवर एकेक कप्तान सांगत होता, आम्ही स्तारी ग्रादच्या खाडीत शिरतोय. तिथे या वाऱ्यापासून आडोसा मिळतो.

नाश्त्याला ब्रुनरसाहेब कागद घेऊन उभे राहिले. ग्राझचे निवृत्त मोजणी अधिकारी. कागदावर त्यांचा भारी जीव. “आज निळी गुहा आहे,” ते म्हणाले.

“आज गुहेत लाट असेल,” नेवेंका म्हणाली. “कुणी आत सोडणार नाही.”

“पण इथे लिहिलंय.”

ती वर गेली. “बाबा, सगळे वळले. फ्रानेकाकानेसुद्धा आपली बोट वळवली.”

बापाने दुर्बीण खाली ठेवली नाही. “तो काय, कशालाही वळतो. छापलंय तिथे जायचं.”

“छापणाऱ्याला इथे आणून उभा कर ना! त्याला ओकू दे आधी!”

“जा, कप आवर. पडतील.”

कप पडलेच. दुपारी गुहेपाशी पोचले तेव्हा तोंडाशी पाणी असं आपटत होतं की आत माणूस सोडाच, बदकही गेलं नसतं. गुहेचे नावाडी केव्हाच घरी गेले होते. बोट परत फिरली आणि लाट बाजूने घ्यावी लागली. पाहुणे एकामागून एक आडवे झाले. नेवेंका बादल्या घेऊन या टोकापासून त्या टोकाला धावत होती, आणि प्रत्येक बादलीगणिक बापाला एक शिवी देत होती, मनात नव्हे, तोंडाने. ब्रुनरबाई जिन्यावरून घसरल्या आणि हातावर पडल्या. मनगट पावासारखं फुगलं. ब्रुनरसाहेब त्यांच्यापाशी बसून राहिले. त्यांच्या खिशातला कागद आता बाहेर निघत नव्हता.

अंधार पडता पडता ‘मारेता’ स्तारी ग्रादला शिरली. धक्का गच्च भरला होता, अर्धा किनारा बोटींच्या रांगांनी अडवलेला. बंदरावरच्या माणसाने शिट्टी मारून एकाच जागेकडे हात केला. एका रांगेच्या शेवटी, सगळ्यात बाहेर, ‘लेवांत’ बांधली होती. फ्रानेची बोट. तिच्या बाहेरच्या अंगाला ठोकर झेलणारे रबरी फुगे आधीच सोडलेले होते, आणि फ्राने बनियनवर, तुंदिलतनू, हात पुढे करून कठड्याशी उभा होता.

त्या किनाऱ्यावर फेकलेला दोर कुणी नाकारत नाही. खुनी आला तरी त्याचा दोर आधी बांधतात, मग पोलिसांना बोलावतात. पण दोर फेकायचा असतो तो येणाऱ्याने.

“विंको,” वरून आवाज आला, “दोर खाली ठेव.”

विंकोच्या हातात वेटोळं तयार होतं. त्याने वर पाहिलं, नेवेंकाकडे पाहिलं, आणि दोर खाली ठेवला. नेवेंकाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती जिना दोन दोन पायऱ्यांनी चढली.

“काय चाललंय?”

“समोरच्या मिल्ना बंदराला जातोय. एवढं पाणी ओलांडलं की झालं.”

“परत बाहेर? या अंधारात? खाली त्या बाईचा हात मोडलाय, बाकीचे मेल्यासारखे पडलेत, आणि तुला मिल्ना सुचतंय?”

“तू युगोत अशीच बोलतेस. तुझ्या नोनाचंही डोकं असंच फिरायचं.”

“नोनाचं नाव घेऊ नकोस. तुझ्या तोंडाने तर नाहीच.” तिचा आवाज चिरकला, तरी ती थांबली नाही. “युगो तीन दिवस वाहतो, बाबा. माझं डोकं दोन वर्षं फिरलंय. तुला वाटतं काका दोर घेणार नाही?”

शिमेने सुकाणू धरलेलं सोडलं नाही. “घेईल ना. घेईल, हाच तर त्रास आहे.”

“म्हणजे तीस माणसं बुडाली तरी चालतील, पण तुझी मान वाकायला नको. सुंभ जळला, बाबा. बघ तरी. पीळ घेऊन कुठे निघालास?”

उत्तराची वाट न बघता ती खाली आली, विंकोच्या पायाशी पडलेला दोर उचलला आणि फेकला. रागाने फेकलेला दोर जातो तसाच तो गेला, वर उंच आणि मग पाण्यात.

“पोरी!” फ्राने पलीकडून ओरडला. “दोर फेकतेस की धुणं वाळत घालतेस?”

“तू तोंड मिट आणि हात उघड!”

पलीकडच्या बोटींवरचे खलाशी हसले. तिने ओला दोर ओढून घेतला, वेटोळं केलं आणि पुन्हा फेकला. या वेळी तो फ्रानेच्या छातीवर बसला. त्याने तो तसाच कवटाळला आणि एका दमात खुंट्याला गुंडाळला.

आता ‘मारेता’ नाकाने बांधली गेली होती. शिमेने मागे खेचली असती तर दोर तरी तुटला असता नाहीतर खुंटा तरी उपटला असता. विंको म्हणाला, “घ्या, आता आपटते,” आणि त्याने डोळे मिटले. इंजिन एकदा गुरगुरलं, मग हळू झालं, आणि ती एवढी लांबलचक बोट ‘लेवांत’च्या अंगाला इतकी अलगद टेकली की फुगे नुसते कुरकुरले. बोट लावण्यात बापाचा हात धरणारा कुणी नव्हता, हे नेवेंकाला तशाही स्थितीत मान्य करावं लागलं, आणि त्याचाही तिला रागच आला.

फ्राने स्वतः कठडा ओलांडून आला. त्याने ब्रुनरबाईंना कोपराला धरलं आणि आपल्या डेकवरून, जेवायला बसलेल्या आपल्या पाहुण्यांना उठवून, वाट करून किनाऱ्यावर डॉक्टरकडे नेलं. ब्रुनरसाहेब मागून गेले. वर सुकाणूकडे फ्रानेने पाहिलं नाही. परत येताना तो नेवेंकापाशी थांबला.

“जेवला का तो?”

“त्याला विचार.”

“मी नाही विचारणार.”

“मग उपाशी मरू दे. तुम्ही दोघंही मरा. बाकीच्यांच्या जिवाला घोर कशाला?”

आपल्या डेकवर जाऊन फ्राने उगाचच एक नीट गुंडाळलेला दोर पुन्हा गुंडाळायला लागला.

जेवणं झाली. जेवणारे थोडेच होते. बाकीच्यांनी सुकी पोळी आणि चहा मागितला. नेवेंका ताटं आवरत होती तेव्हा शिमे खाली आला आणि दाराजवळच्या बाकावर बसला. तेवढ्यात ब्रुनरसाहेब परत आले. ओल्या धक्क्यावरून चालून त्यांचे बूट भिजले होते, आणि ते काढून टोपलीत ठेवायचं त्यांना आपणहून सुचलं.

“हाड मोडलंय,” ते कप्तानाला म्हणाले. “पट्टी बांधलीय. डॉक्टर उद्या दुपारी पुन्हा बघणार आहे. पण उद्या पहाटे तुम्ही कोर्चुलाला निघणार, असं...” त्यांनी कागद काढला नाही. “आम्ही दोघं इथेच उतरतो. बाकीच्यांचा खोळंबा नको.”

शिमे उठून उभा राहिला. त्याने म्हाताऱ्याच्या खांद्यावर हात ठेवला. आवाज अगदी मऊ होता, नेवेंकाने वर्षानुवर्षं न ऐकलेला.

“कुणी उतरायचं नाही. उद्या आपण इथेच थांबतो. बाईंचा हात दाखवा, मग बघू. कार्यक्रमाचं काय एवढं? कार्यक्रम बदलता येतो. आधी माणूस, मग कागद.”

ब्रुनरसाहेबांचे डोळे भरून आले. त्यांनी कप्तानाचा हात दोन्ही हातांत घेऊन दाबला आणि डॉक्टरकडे बसलेल्या बायकोसाठी शाल आणायला खाली केबिनमध्ये गेले.

नेवेंकाने ताटांचा ढीग टेबलावर आदळला. वरचं ताट घरंगळून खाली फुटलं.

“काय म्हणालास?”

शिमेने मान वळवली.

“परत म्हण. आत्ता त्याला जे म्हणालास ते.”

“नेवे, माणूस अडचणीत होता...”

“परक्या माणसाच्या मनगटासाठी!” ती ओरडली. “एका मनगटासाठी बदलता येतो! तुझी आई मेली होती. आई! तेव्हा तू त्या कागदाकडे बघून शनिवार म्हणालास.”

‘लेवांत’वरचा दोर गुंडाळायचा आवाज थांबला. शिमेचा चेहरा बघता बघता नेवेंकाला एकदम कळलं, दोन वर्षं हा माणूस तो कागद इतका घट्ट का धरून होता. एकदा जरी, ढगासाठी, लाटेसाठी, कुणाच्या डोकेदुखीसाठी तो कार्यक्रम बदलला असता, तरी त्याला कबूल करावं लागलं असतं की त्या बुधवारीही बदलता आला असता. म्हणून त्याने तीस माणसांना आज युगोत घातलं होतं. कळलं, आणि तिची कीव जागी व्हायच्या ऐवजी राग दुप्पट झाला.

“तेव्हा...” शिमे कसाबसा म्हणाला, “तेव्हा मला वाटलं, येत नाही बदलता.”

“येत होता, बाबा. तेव्हाही येत होता. असाच. एवढंच बोलायचं होतं.”

शिमे दाराकडे वळला. पलीकडे भावाचा डेक होता आणि त्याच्या पलीकडे जमीन. त्याला कुणाकडे जायचं होतं, भावाकडे की नुसतं बाहेर, ते त्यालाच ठाऊक. फुटलेल्या ताटाच्या तुकड्यांवरून चालत नेवेंका त्याच्या आधी दारात गेली आणि चौकटीला दोन्ही हात लावून उभी राहिली.

“आधी काकाला ऐकू जाईल असं म्हण, की बदलता येत होता,” ती म्हणाली. “मग जा.”