सईचा पाय

"हात लावू नका तिला," तनुजा म्हणाली. जरा जोरातच म्हणाली असावी, कारण समोरच्या बाकावरच्या बाईने औषधाच्या पिशवीतून मान वर काढली.

आवडाबाईंनी पुढे केलेला हात मागे घेतला. डावा हात. तनुजाने तेही टिपून ठेवलं.

सई तिच्या मांडीवर मुटकुळं करून बसली होती. दोन वर्षांची पोर. एरवी या दवाखान्यात पाय ठेवला की वजनकाट्याकडे पळायची. आज उजवा हात पोटाशी धरून बसली होती, जणू तो तिचा नव्हेच, कुणीतरी सांभाळायला दिलाय. बिस्कीट दिलं तर डाव्या हाताने घेई. उजव्याला नुसता पदर लागला तरी भोकाड पसरी.

"खरं सांगा मावशी, काय झालं?"

"काय नाय ओ ताई. खेळत व्हती. मग रडाया लागली."

"उगीचच?"

"आता लेकरांचं काय सांगावं."

आवडाबाई खाली फरशीकडे पाहत होत्या. खरं बोलणारा माणूस फरशीकडे कशाला बघेल, असं तनुजाला वाटलं.

बजाजनगरात तनुजा वरच्या मजल्यावर राहायची, आवडाबाई खालच्या खोलीत. बिडकीनकडच्या बाई. मुलगा रामकिसन कंपनीत कंत्राटावर लागला तशा इकडे आल्या आणि गल्लीतली लेकरं सांभाळू लागल्या. "आवडाबाईकडं लेकरू दिलं की बिनघोर," असं सगळ्या सांगत. वाळूजच्या एका ऑफिसात हिशेबाचं काम मिळालं, तेव्हा तनुजानेही सईला त्यांच्याकडे ठेवलं. पण बिनघोर राहणं तिच्या पत्रिकेतच नव्हतं. पहिल्याच दिवशी आवडाबाईंनी विचारलं होतं, "जलमताना डोकं आधी का पाय?" पाय खाली होते, म्हणून तर सिझर झालं, असं तनुजाने सांगितलं होतं. मग रात्रभर तिला प्रश्न: या बाईला ते कशाला हवं?

विश्वजीत, तिचा नवरा, हसायचा. "तू ना, पोलिसात जायला पाहिजे होतंस. इथं हकनाक भाकरी थापतेस."

हसू दे. दिवाळीनंतर आवडाबाई बदलल्या होत्या, आणि ते दिसायला पोलीस असायची गरज नव्हती. आधी सईला कडेवर घेऊन जिना चढत. आता पोर एकेक पायरी स्वतः चढून येई. आधी सईच्या दोन शेंड्या घट्ट बांधलेल्या असत. आता केस मोकळे, डोळ्यांवर. फळीवरचे डबे खाली जमिनीवर आले होते, दोरीवरचे कपडे खुर्चीच्या पाठीवर. बाईचं मन उडालंय, तनुजाने ताडलं. आणि मन उडालेलं माणूस राग कुणावर काढतं? जे बोलू शकत नाही त्याच्यावर.

मग तळपायाला वास यायला लागला. रोज संध्याकाळी सईला उचललं की उजव्या पावलाला निलगिरीच्या तेलाचा उग्र दर्प. पोर खाली खेळते, पडलं असेल काही, असं एकदा वाटलं. पण रोज? आणि एकाच पायाला?

पण तिची झोप उडवली ती बाहुलीने. सईने बाहुली पालथी निजवली, डाव्या हाताने पलंग धरला, आणि बाहुलीच्या पाठीवर पाय दिला. "जा," म्हणाली. पुन्हा पाय. "जा, जा."

लेकरं पाहतात तेच करतात. तनुजाने हे वाचलं होतं, आणि मोबाईलवर सांभाळणाऱ्या बायांचे असले व्हिडिओ पाहून पाहून तिचे डोळे सुजले होते. पण पुरावा नव्हता. आणि आज हा हात. आवडाबाईंना तिने मुद्दामच बरोबर आणलं होतं. डॉक्टरांसमोर काय बोलतात ते बघायचं होतं.

"काय सईबाई, आज सलाम नाही?" आत जाताच डॉक्टर तबस्सुम म्हणाल्या. गल्लीतल्या निम्म्या पोरांच्या लसी त्यांच्याच हातच्या.

तनुजाने एका दमात सगळं सांगितलं आणि शेवटी म्हणाली, "मॅडम, एक्सरे काढूया. काही लपवलं जात असेल तर कळेल."

डॉक्टरांनी तिच्याकडे पाहिलं, मग दाराशी उभ्या आवडाबाईंकडे. "थांबा जरा. आधी मला बघू द्या."

सईला मांडीवरून उतरवलंच नाही. डाव्या हातात तिला चमचा धरायला दिला आणि बोलता बोलता गळ्याजवळच्या हाडावरून, दंडावरून, मनगटावरून बोटं फिरवली. सई चमच्याशी खेळत राहिली.

"सूज नाही. हाड दाबलं तरी रडत नाही. पडली होती का?"

"नाय," आवडाबाई म्हणाल्या.

"मग हात ओढला कुणी? मनगटाला धरून?"

आवडाबाईंनी दाराची चौकट धरली. तनुजाला वाटलं, सापडली.

डॉक्टरांनी वाट पाहिली नाही. एका हाताने सईचं कोपर धरलं, दुसऱ्याने तिचा तळवा वर फिरवला आणि हात दुमडला. टक् असा बारीक आवाज झाला. सईने किंकाळी फोडली. तनुजा ओरडली, "अहो!"

"बस, हो गया. रडू द्या तिला."

सई हुंदके देत होती. डॉक्टरांनी गळ्यातली नळी काढून तिच्या उजव्या बाजूला, जरा वर धरली. सई बघत राहिली. हुंदका अर्ध्यावर थांबला. आणि मग उजवा हात, तोच तो परका हात, वर गेला आणि त्याने नळी पकडली.

तनुजाचे डोळे भरून आले.

"कोपरातलं हाड त्याच्या कड्यातून सरकतं," डॉक्टर म्हणाल्या. "एवढ्या लेकरांचं होतं. एक झटका पुरे. आता उचलायचं ते काखेत दोन्ही हात घालून. मनगटाला धरून कधीच नाही. कळलं?"

"मी नाही ओढलं," तनुजा म्हणाली. "विचारा त्यांना."

"म्या धरला," आवडाबाई म्हणाल्या. "घसरली ना. पडली असती फरशीवर. मग म्या मनगट धरलं."

"घसरली कुठून?" तनुजाने विचारलं.

आवडाबाईंच्या डोक्यावरून पदर ढळला, तो त्यांनी डाव्या हाताने, मान वाकडी करून, कसाबसा वर ओढला. डॉक्टरांची नजर तिथेच थांबली.

"मावशी, इकडं या. उजवा हात वर करा बघू."

हात छातीपर्यंत आला. पुढे हात येईना, नुसता खांदाच कानाकडे चढला. डॉक्टरांनी त्यांचं कोपर अंगाशी टेकवून हात हळूच बाहेरच्या बाजूला वळवला. कवाड गंजून बसावं तसा तो अडला. आवडाबाईंनी डोळे मिटून घेतले.

"कवापासून?"

"दिवाळीपासनं."

"त्या कुशीवर झोपता येतं?"

"नाय. बसूनच निजते."

"साखर तपासली कधी?"

"मला कशाला व्हईल साखर? चहा बी गुळाचा पिते मी."

डॉक्टरांना हसू आलं, पण बोट टोचल्यावर यंत्राने दाखवलं ते पाहून ते मावळलं. "साखर लई वाढलीय मावशी. तिच्यामुळंच खांदा आखडतो कैकांचा. सुटेल. पण साल लागेल, जास्तही लागेल. गोळ्या घ्यायच्या आणि रोज भिंतीवर बोटं चढवायची, मुंगीसारखी. दुखेल तिथं थांबायचं. आजवर काय इलाज केला?"

आवडाबाईंनी एकदा सईकडे पाहिलं आणि पदराचं टोक तोंडाशी नेलं.

"पायाळूचा पाय लावला."

"काय?"

"पायाकडून जलमलेलं मानूस पायाळू. त्यानं दुखऱ्या जागी पाय दिला की उसण जाती, चमक जाती. आमच्याकडं समदे करत्यात. मी तेल लावून पालथी पडायची, ही खांद्यावर पाय ठिवायची. 'जा' म्हणायची. आज हिचा पाय तेलावरनं घसरला."

"अहो, पण ती सिझरची आहे!" तनुजाच्या तोंडून निघून गेलं.

"असंना. पोटात तर पाय खालीच व्हते की."

डॉक्टर खळखळून हसल्या. "फरक पडला का मग?"

"पाय हाय तवर कळ थांबायची," आवडाबाई म्हणाल्या. त्या हसत नव्हत्या.

तनुजाला आठवले ते खाली आलेले डबे, खुर्चीवरचे कपडे, सईचे मोकळे केस. सगळं तिने बरोबर टिपलं होतं. एकही गोष्ट नजरेतून सुटली नव्हती.

"मला सांगायचं होतंत मावशी."

"काय सांगू? हात चालंना म्हणलं असतं, तर लेकरू ठिवलं असतं का तुमी?"

 सईने चमचा खाली टाकला. तनुजा तो उचलायला वाकली.

परतताना सईने कडेवरून आवडाबाईंकडे झेप घेतली. त्यांनी दोन्ही हात पाठीमागे नेले. उजवा नीट जाईना, तरी नेला. "मम्मीकडंच ऱ्हा," म्हणाल्या.

तनुजाने रजा टाकली. रविवारी विश्वजीत एक पाळणाघर बघून आला. कॅमेरे होते, फाटकाला कुलूप होतं. "आता तरी झोपशील ना?" त्याने विचारलं. सोमवारपासून सई तिथे जाणार होती, आणि हे खाली जाऊन सांगायला हवं होतं.

संध्याकाळी ती सईला घेऊन उतरली. दार उघडंच होतं. आवडाबाई भिंतीला तोंड करून उभ्या होत्या. उजव्या हाताची बोटं भिंतीवरून चढत होती, एक, मग दुसरं, जराशी वर, आणि थांबली. भिंतीवर, त्यांच्या डोक्याच्याही वर, गेरूची एक रेघ ओढलेली होती. बोटं तिच्यापासून फार खाली होती.

"मावशी, मी सांगायला आले होते की..."

"नका सांगू," त्या वळल्या. कपाळावर घाम होता. "ती रेघ गाठली की मीच वर येऊन सांगन. तवर तुमचं लेकरू मला नको." कोपऱ्यातून त्यांनी पिशवी पुढे सरकवली. सईची वाटी, टोपडं, लहानशी गोधडी, सगळं धुऊन घडी केलेलं. "एका हातानं धुतलंय, बघून घ्या. नाहीतर म्हणाल काय राह्यलं."

यांना पाळणाघराचं कळलं असेल का? रामकिसनने सांगितलं असेल? तनुजाचं मन सवयीने तिकडे धावलं, आणि तिची तिलाच लाज वाटली.

आवडाबाई दमून खाली बसल्या, पाठ भिंतीकडे नव्हे, दाराकडे करून. सई तनुजाच्या हातातून सुटली आणि थेट त्यांच्या मागे जाऊन उभी राहिली. पाय उचलला. पोचेना. पुन्हा उचलला, लटपटली, आवडाबाईंचा पदर धरला.

"राहू दे बाय," आवडाबाई मागे न बघता म्हणाल्या. "मम्मी रागावंल."

तनुजाने पिशवी खाली ठेवली. सईच्या काखेत दोन्ही हात घातले, डॉक्टरांनी सांगितलं होतं तसे, आणि तिला अलगद उचलून पुढे धरलं. सईचं उघडं पाऊल त्या आखडलेल्या खांद्यावर टेकलं.

"जा," सई म्हणाली.

आवडाबाईंनी डोळे मिटले. तनुजाचे हात भरून आले, तरी तिने पोरीला तसंच धरून ठेवलं.