लुगड्यावरून काढलेली गाठ

सन पस्तीसच्या सुमारास खानापूरच्या आमराईत गाठीबाबा अवतरले आणि गावाने कामधंदा सोडला. बाबा सुरी न लावता अंगातली गाठ उपटत. बायकांची तर लुगड्यावरूनच! आधी मंत्र, मग ओल्या कापसाचा बोळा, मग एक हिसका, की हातात रक्ताळलेला गोळा. गाठ खरंच गेली का, हे पाहायला चारचौघांत लुगडं कोण वर करणार? बाबांचा सगळा संसार त्या लाजेवर चालला होता.

माझी थोरली बहीण नागुबाईही तिथे निघाली. तिच्या मांडीतली गाठ लिंबाएवढी झाली होती आणि वाढतच होती. मी घाबरून बेळगावहून डॉक्टर प्रमोदिनीबाईंना घेऊन आलो.

"त्या कापत्यात रं," आक्का म्हणाली. "बाबा न्हाय कापत."

डॉक्टरीणबाईंनी वाद घातला नाही. त्यांनी शेजारच्या मनुबाईला, म्हणजे गावातल्या सगळ्यात खट म्हातारीला, हाताशी धरलं. दुसऱ्या दिवशी मनुबाई लंगडत बाबांसमोर बसली. आम्हीही गर्दीत होतो.

बाबांनी लुगड्यावरून मांडी चाचपली. "मागल्या जन्मीचं पाप हाय. लई मुरलंय." हिसका बसला, गोळा आला, जयजयकार झाला.

"समदी गेली न्हवं?" मनुबाईने विचारलं.

"मुळासकट."

मनुबाईने पाठ फिरवली, लुगड्याआड मांडीला बांधलेली चिंधी सोडली आणि बाबांच्या हातावर एक बटाटा ठेवला. "मग ह्यो कुणाचा?"

डॉक्टरीणबाईंनी तोवर बाबांपुढचा कापसाचा नवा बोळा पिळला. आतून कोंबडीच्या काळजाचा तुकडा पडला. "कलियुगात भक्ती न्हाय," म्हणत बाबांनी स्टेशन गाठलं.

आक्का मात्र हसली नाही. घरी येऊन तिने दार लावलं आणि डॉक्टरीणबाईंना गाठ दाखवली. मग मला आत बोलावलं.

"बरी हुईन न्हवं?" तिने डॉक्टरीणबाईंना विचारलं.

"वचन देत नाही. गाठ अजून लहान आहे, वरवर आहे, बोटाखाली हलते. हे चांगलं. मोठी होऊन खोल गेली की अवघड. ती कोणत्या जातीची, हे काढून तपासल्यावरच कळेल. भोवतीच्या चांगल्या मांसासकट काढावी लागते, नाहीतर पुन्हा उगवते."

"आन् सुगी झाल्यावर गेलं तर?"

"तोवर ती वाढेल."

आक्काने लुगडं सारखं केलं. मग मला म्हणाली, "उद्याच मिरजेच्या मोठ्या दवाखान्यात न्हे रं मला."

तिथे गाठ काढली आणि आक्का वाचली. सगळेच वाचतात असं मी म्हणणार नाही. देवाला हात जोडायचे तर खुशाल जोडा, पण अंगावर वाढणारी गाठ आधी डॉक्टरला दाखवा. आपली लाज सरेपर्यंत ती थांबत नाही.