दोन्ना जेसुआल्दाची हाडं

माझ्या सासूबाई, दोन्ना जेसुआल्दा, फेब्रुवारीत गेल्या. त्यानंतर ऑक्टोबर संपत आला तरी घरात कुणी हाडांचा विषय काढला नव्हता. मग एक दिवस माझ्या नणंदेचा, अग्रिपीनाचा, फोन आला. यंदा मेलेल्यांच्या सणाला हाडं मिठाईवाल्याकडूनच मागवू या, असं तिचं म्हणणं. आईची हाडं आईबरोबर गेली, आता कुणाला जमणार आहेत ती? मी म्हटलं, मला जमतील.

"ओर्सोला, राग मानू नकोस," ती म्हणाली, "पण एकतीस वर्षं तू त्या स्वयंपाकघरात नुसती भांडी घासलीस."

ते खोटं नव्हतं, म्हणून तर जास्त झोंबलं. मी तिला सांगितलं की सणाला, दोन नोव्हेंबरला, जेवायला ये आणि येताना रिकामं पोट घेऊन ये.

हाडं म्हणजे आमच्या मिनेओ गावातला मेलेल्यांच्या सणाचा खाऊ. आदल्या रात्री घरचे मेलेले लोक येऊन पोरांसाठी खेळणी आणि गोडधोड ठेवून जातात, त्यात ही असलीच पाहिजेत. साखर, मैदा, पाणी आणि कुटलेली लवंग, याउपर त्यात काही पडत नाही. घट्ट मळायचं, त्याची बोटं, नळ्या, बरगड्या वळायच्या, लाकडी फळीवर तीन दिवस सुकवायच्या आणि ओव्हनमध्ये घालायच्या. मग आतली साखर वितळून खाली उतरते आणि तिचा तपकिरी, कडक तळ होतो. वर राहतं पांढरंफटक पोकळ हाड. पोरं आधी किंचाळतात आणि मग कडाकडा चावतात. तळ आला तर हाड झालं म्हणायचं, नाही आला तर तो नुसता गोड दगड.

सासूबाईंच्या हाडांना तळ यायचा. पैजेवर सांगते, अख्ख्या गावात तसा कुणाच्याच हाडांना येत नसे. मला त्या लवंग कुटू द्यायच्या, फळ्या उचलू द्यायच्या, परातीही घासू द्यायच्या. पण ओव्हन तापला की दरवर्षी ठरलेलं वाक्य यायचं, "पोरी, जरा शेजारून तमालपत्र घेऊन ये." हाडांत तमालपत्र पडत नाही. पहिल्या वर्षी मी धावत गेले. तिसऱ्या वर्षी मला कळून चुकलं होतं. सातव्या वर्षी मी म्हणाले, "आई, मी थांबते ना इथंच." त्या शांतपणे म्हणाल्या, "मग तमालपत्र कोण आणणार?" मी परत येईपर्यंत ट्रे आत गेलेले असायचे आणि ओव्हनच्या दारापुढे त्या खुर्ची टाकून बसलेल्या असायच्या. एकतीस वर्षांत त्यांनी ताकास तूर लागू दिली नाही. माझ्याकडे तमालपत्रांची बरणी मात्र कायम भरलेली असे.

तरी मला जमेल याची मला खात्री होती. माझं हे असंच आहे. नवरा म्हणतो, तुला पोहता येत नाही हे पाण्याला अजून कळलेलं नाही.

अठ्ठावीस तारखेला मी हाडं वळली. एकूण शहाण्णव झाली. खरं सांगते, वळण्यात मी सासूबाईंच्या वरताण निघाले. त्या सगळी हाडं एकसारखी करायच्या, गुडघा कुठला आणि कोपर कुठलं ते ओळखू यायचं नाही. मी मणके वेगळे केले, बोटांना पेरं पाडली, जबड्यात बदामाचे दात बसवले. बदाम वाटून त्याची कवटी केली आणि डोळ्यांच्या जागी कॉफीच्या बिया दाबल्या. ती फडताळावर ठेवली तेव्हा नूंत्सियो, म्हणजे माझा नवरा, पाणी प्यायला आला आणि तहानलेलाच परत गेला. मी खूश झाले.

एकतीस तारखेला पहिली बारा हाडं ओव्हनमध्ये घातली. वीस मिनिटांनी काढली तर जशी आत गेली तशीच बाहेर आली, पांढरी आणि मुकाट. खाली तळाचा पत्ता नव्हता. दोन बरगड्या फुटून साखर कुशीतून भलतीकडेच ओघळली होती. नूंत्सियोनं एक खाल्लं आणि छान आहे म्हणाला. त्याला साबणाची वडी दिली तरी तो छानच म्हणतो, म्हणून त्याचं मत मी धरत नाही. दुसऱ्या खेपेला जास्त वेळ ठेवली, ती वरून करपली. तिसऱ्या खेपेला आच कमी केली, पुन्हा दगड. छत्तीस हाडं गेली, साठ उरली. परवा दुपारी दफनभूमीतून सगळे तडक माझ्याकडे येणार होते. एकोणीस माणसांच्या देखत अग्रिपीना म्हणणार होती, बघा, मी सांगितलं होतं. मग पुढच्या वर्षीपासून मिठाईवाल्याचा फीत बांधलेला खोका येणार आणि मी माझ्याच घरात पुन्हा नळाखाली उभी राहणार. सरळ सांगते, सासूबाईंच्या जाण्याचं मला दुःख होतं, पण ओव्हनपुढची ती खुर्ची मला हवी होती.

अग्रिपीनाला विचारणं शक्यच नव्हतं. ती त्यांची मुलगी, तिला माहीत असणारच. पण तिच्यापुढे पदर पसरण्यापेक्षा मी दगड वाढले असते.

काही सुचेना तेव्हा मी जे येतं ते करायला लागले. भांडी घासायला घेतली. परात, उलथणं, तीन ट्रे, गाळणी. आणि अर्ध्यावर माझे हात थांबले. काहीतरी कमी होतं. दरवर्षी या ढिगात आणखी एक भांडं असायचं, सूपची खोलगट प्लेट. तिच्या तळाशी गढूळ पाणी असायचं, त्यात थोडं पीठ, आणि त्याला लवंगेचा वास. त्या दिवशी आमच्याकडे सूप कधीच नसायचं. एकतीस वर्षं मी ती प्लेट घासून पालथी घातली होती आणि एकदाही विचारलं नव्हतं की ही कशाला मळली.

मी नळ बंद केला. एक खोलगट प्लेट घेतली, बोटभर पाणी घातलं, एक नळी उचलली आणि तिचा फक्त खालचा भाग पाण्याला टेकवला. वरून कोरडी, खालून ओली. वरचं कवच कडक असल्यावर साखर दुसरीकडे कुठून निघणार? जिथं मऊ असेल तिथूनच. एवढी साधी गोष्ट होती. ओव्हनच्या काचेला नाक लावून मी बसून राहिले. आठव्या मिनिटाला हाडाखालून तपकिरी पाझर फुटला आणि पसरत गेला. मी इतक्या मोठ्यानं हसले की शेजारीण खिडकीत आली. तिला म्हटलं, काही नाही, सासूबाई पकडल्या गेल्या.

दोन तारखेला मी जेवणाच्या लांब टेबलावर पांढरी चादर घातली आणि हाडं थाळीत न रचता अख्खा माणूस झोपवला, कवटीपासून पायाच्या करंगळीपर्यंत. पोरं आली, दारातच थिजली आणि मग पायांसाठी भांडू लागली. अग्रिपीना शेवटी आली. हातात फीत बांधलेला खोका होताच. असू दे म्हणून आणला, कमी पडायला नको, असं म्हणून तिनं तो फडताळावर, आईच्या फोटोशेजारी ठेवला. मग एक बरगडी उचलली आणि खाण्याआधी उलटी करून तळ पाहिला. सासूबाई अगदी अशाच बघायच्या. तिनं तुकडा तोडला. बराच वेळ चावत राहिली.

"आईनं तुला सांगितलं," ती म्हणाली. तिचा आवाज खाली गेला होता. "तुला सांगितलं तिनं."

एक "हो" पुरे होतं. एकतीस वर्षांच्या भांड्यांची भरपाई त्या एका शब्दात झाली असती आणि खोटं पाडायला सासूबाई येणार नव्हत्या. जिभेवर आला होता तो शब्द. पण तिचं तोंड पाहिलं आणि मला तो उच्चारता आला नाही.

"नाही," मी म्हटलं. "मला त्या तमालपत्र आणायला पाठवायच्या. दरवर्षी. माझं मी शोधून काढलं."

अग्रिपीनानं बरगडी खाली ठेवली.

"मला ती चर्चमध्ये मेणबत्ती लावायला पाठवायची," ती म्हणाली. "लग्नाआधीही आणि नंतर सणाला यायचे तेव्हाही. तू घरात आलीस तेव्हापासून मला वाटायचं, मी बाहेर गेले की ती तुला शिकवते. सुनेला शिकवलं आणि लेकीला नाही."

"आणि मला वाटायचं, तुला केव्हाच शिकवलंय."

तिला हसू आलं की रडू ते कळेना, बहुधा दोन्ही. मला मात्र सासूबाईंचा असा राग आला की फोटोकडे बघवेना. झाकली मूठ जपायला त्यांनी आम्हा दोघींना गावभर पळवलं होतं. आणि दोघीही बाहेर होतो हे आम्हाला कधी कळू दिलं नव्हतं.

"ऊठ," मी म्हटलं. "आठ हाडं कच्ची ठेवली आहेत."

"आत्ता? सगळ्यांच्या देखत?"

"सगळ्यांच्याच देखत."

ती सणाच्या रेशमी कपड्यांतच स्वयंपाकघरात आली, पाठोपाठ अर्धं घर. मी तिच्यापुढे पाणी ठेवलं, एक हाड तिच्या हातात दिलं आणि बोटानं दाखवलं, इथं, फक्त खाली. तिनं ते टेकवलं, उचललं, ट्रेमध्ये ठेवलं. मग माझ्याकडे पाहिलं.

"एवढंच?"

"एवढंच."

"एवढ्यासाठी मी तुझ्याशी धड बोलले नाही, ओर्सोला."

मी तिच्या हातात दुसरं हाड दिलं.